टॅक्सींतील चित्रशाळा

चित्रें पाहावयाचीं तर चित्रशाळेंतच गेलें पाहिजे, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबईंत २०१५ सालीं सुरू झालेल्या 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमानें तो खोटा ठरविला. तरुण कलावंतांनीं शहराच्या रस्त्यांवरील जीवन कापडावर रेखाटलें आणि त्या कापडानें काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या बैठका व छत मढविण्यांत आलें. चित्रशाळेची पायरी जो कधीं चढला नाहीं, असा उतारूही चित्राच्या मांडीवर येऊन बसला! तेथील जुन्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ सालीं निवृत्त झाल्या. हा धडा मात्र राहिला.

उपयोगी वस्तु सुंदरही असावी, हें पोळ्याला बैलांवर नक्षीदार झूल घालणाऱ्या आम्हां चिखलीकरांस नवें वाटूं नये. विद्यार्थ्यांनो, तुमचें दप्तरही कोणीतरी योजिलेलेंच आहे. तें अधिक सोयीचें व देखणें कसें होईल, हा विचार करूं लागणें हीच या कलेची पहिली इयत्ता होय.