सोनखत आणि शेवाळ

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडच्या गावतळ्यांचे पाणी हिरवे होऊ लागते. आधी काठाशी साय धरल्यासारखा थर येतो, मग जलपर्णी पसरते आणि एखाद्या पहाटे मासे उलटे तरंगताना दिसतात. ‘तळे नासले’ म्हणून आपण मोकळे होतो. खरे तर तळे मरते ते अपचनाने. शेतकरी पैसे मोजून जी खते उसाला घालतो, तीच आपण तळ्याला फुकट घालत असतो.

बँकेतल्या नोकरीने मला एक खोड लावली आहे. एका खात्यातून गेलेली रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली, हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. हाच हिशेब संडासाला लावून पाहावा. भारतीय आहारावरून काढलेला अंदाज असा आहे की एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे २.७ किलो नायट्रोजन आणि ०.४ किलो फॉस्फरस बाहेर पडतो, आणि त्यातला बराच मोठा भाग लघवीत असतो. पाच माणसांचे घर धरले, तर हा ऐवज सुमारे २५ किलो युरिया आणि १० किलो डीएपीइतका होतो. शेतात गेला तर खत, तळ्यात गेला तर विष. एक ग्रॅम फॉस्फरसवर वाळल्या वजनाचे शंभरेक ग्रॅम शेवाळ पोसले जाते. ते मेले की कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मासे मरतात ते त्यामुळे.

२०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. ग्रामीण भागात संडासासाठी १२,००० रुपयांचे अनुदान मिळाले आणि घरोघरी संडास उभे राहिले. ही मोठीच गोष्ट झाली. पहाटे अंधारात बाहेर जाणाऱ्या बायकांना विचारा. पण संडासांची मोजदाद झाली, तेवढी संडासातून पुढे काय जाते याची झाली नाही. पुष्कळांनी ऐपतीप्रमाणे सेप्टिक टँक बांधली आणि तिची नळी गटारात सोडली. टाकी घन मैला तळाशी धरते. विरघळलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र पाण्याबरोबर निघून जातात. गटार ओढ्याला मिळते, ओढा तळ्याला. शेजारच्या कोल्हापुरात नाल्यांच्या सांडपाण्याने रंकाळ्याची काय दशा केली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. कागलकरांनी जयसिंगराव तलावाच्या काठी उभे राहताना ते आठवावे.

यावरचे उपाय परदेशातून आणण्याची गरज नाही. कोकणात कणकवलीला १९४८ साली गोपुरी आश्रम स्थापन करणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीमुक्तीच्या तळमळीतून ‘गोपुरी संडास’ सिद्ध केला. जमिनीच्या वर दोन कोठ्या, वर माती-पाल्याचा थर. एक भरली की बंद करून दुसरी वापरायची. बंद कोठीत मैल्याची माती होते. आपल्या भाषेत तिला नावही होते, सोनखत. इकडे देहूला डॉ. मापुसकरांनी गावाच्या स्वच्छतेसाठी उभे आयुष्य घातले आणि संडास जोडलेल्या बायोगॅसचा प्रसार केला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

बायोगॅसचा अनुभव मलाही आहे. १९८१-८२ साली राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाल्यावर गोबरगॅसच्या कर्जांसाठी मी गावोगाव फिरलो. एका घरी संडास जोडायचे ठरले, तशा म्हाताऱ्या सासूबाई उसळल्या, “त्या जाळावर देवाचा निवद कसा शिजवायचा रं?” सुनेने वाद घातला नाही. निवद चुलीवर आणि चहा गॅसवर, अशी वाटणी केली. वर्षभराने वसुलीला गेलो, तर सासूबाईच गॅसपुढे बसून मला चहा करून देत होत्या. निवद मात्र अजून चुलीवरच होता. सुधारणा घरात शिरते ती अशी, हळूहळू.

ज्याच्या गोठ्यात जनावरे आहेत त्याला बायोगॅस सोयीचा. स्लरी कुजवून उसाला घालावी. बाकीच्यांना दोन शोषखड्ड्यांचा संडास पुरे. त्याला गटारात जाणारी नळीच नसते. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचे. दीड-दोन वर्षे बंद राहिलेल्या खड्ड्यात वास नसलेले, मातीसारखे खत मिळते. एवढेच पाहावे की विहीर किमान दहा मीटर लांब असावी आणि भूजल खड्ड्याच्या तळाच्या बरेच खाली असावे. माती फॉस्फरस धरून ठेवते, नायट्रेट मात्र भूजलात उतरते. म्हणून तळ्याकाठच्या, पाणी वर असलेल्या जागी गोपुरीसारखी जमिनीवरची कोठीच बरी. न्हाणीघराचे पाणी परसातल्या केळी-कर्दळीला द्यावे.

यात आणखी एक हिशेब आहे, तो माणसाचा. २०१३ च्या कायद्याने माणसाकडून हाताने मैला साफ करून घेणे गुन्हा ठरले. तरी सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या येतच राहतात. पूर्ण विश्रांती मिळालेला खड्डा घरच्या माणसाने स्वतः फावड्याने उपसावा, त्यासाठी कुणाला कुणाच्या घाणीत उतरवावे लागत नाही. शाहू महाराजांचे जन्मघराणे कागलचे. त्यांचे नाव घेणाऱ्या गावाला हे वेगळे सांगावे लागू नये.

तळ्यात एकदा गेलेला फॉस्फरस तळाच्या गाळात बसतो आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. उद्या सगळी गटारे वळवली, तरी तळे लगेच निवळणार नाही. जुनी थकबाकी पुष्कळ वर्षे व्याजासह वसूल होत राहील. म्हणून नवे कर्ज तरी आजपासून थांबवावे. ज्याने त्याने आपल्या घराची नळी कुठे जाते, एवढे तरी एकदा चालत जाऊन पाहावे.