इरावती: हत्ती, वीज आणि दोन नद्या

मुलींच्या नावांच्या कुठल्याही यादीत ‘इ’ खाली इशा, इशिता, इरा झाल्या की कुठेतरी तळाशी ‘इरावती’ सापडते. अर्थाचा रकाना मात्र दर यादीत वेगळा. कुठे वीज, कुठे हत्तीण, कुठे पृथ्वी, कुठे रावी नदी, कुठे तर समुद्राची राणी. नेहा किंवा पूजा या नावांचा अर्थ चुकला तर टोकणारी दहा माणसं निघतात. इरावती नावाची मुलगी वर्गात एखादीच, तीही नशिबानं. त्यामुळे तिच्या नावावर काहीही खपून जातं.

‘इरावती म्हणजे वीज’

विजेचा अर्थ हवेतून आलेला नाही, पण तो शेजारच्या घरचा आहे. अमरकोशात विजेच्या नावांमध्ये ‘ऐरावती’ येते. आरंभीचा ऐ आणि इ यांतला फरक यादी करणाऱ्यानं पुसला आणि वीज इरावतीच्या खात्यात जमा झाली.

हत्तीचंही असंच, फक्त इथे नातं उलटं लावलं जातं. ऐरावतावरून इरावती आलं असं लोक धरून चालतात. व्याकरण सांगतं ते बरोबर उलट. ‘इरावत्’ म्हणजे इरा असलेला, आणि त्या इरावतापासून झालेला तो ऐरावत. समुद्रमंथनातून, म्हणजे पाण्यातून वर आलेल्या हत्तीला ते शोभतंही. रामायणात अरण्यकांडात जटायू स्वतःचा वंश सांगता सांगता सगळ्या प्राण्यांची कुळकथा सांगतो, तिथे भद्रमदेची मुलगी इरावती आणि तिचा मुलगा ऐरावत असा क्रम आहे. तेव्हा नात्यानं बघायचं तर इरावती हत्तीची आई. तिचं नाव हत्तीवरून पडलेलं नाही.

मग इरा म्हणजे काय? अमरकोश एका दमात चार अर्थ देतो: पृथ्वी, वाणी, मद्य आणि पाणी. त्याहून जुन्या वैदिक वापरात इरा म्हणजे पिण्याजोगं, पोसणारं, ताजंतवानं करणारं असं काहीतरी. अन्न आणि रस यांच्या मधलं. पुढचे चारही अर्थ या एका कल्पनेतून फुटलेले दिसतात, निदान तीन तरी. त्यामुळे इरावती म्हणजे भरपूर पाणी असलेली, रसानं भरलेली. नदीला हे नाव का पडलं हे सांगत बसायला नको.

यादीवाले चारांतला मद्याचा अर्थ न चुकता गाळतात. बारशाच्या पत्रिकेवर तो छापावा असं माझंही म्हणणं नाही. पण कालिदासाची इरावती पुढे येणार आहे, तेव्हा तो लक्षात असू द्यावा.

जाता जाता, इंदुमती, भानुमती यांत ‘मती’ आणि इरावती, लीलावती, पद्मावती यांत ‘वती’ का, असा प्रश्न शाळकरी मुलं विचारतात आणि मोठे तो टाळतात. मूळ प्रत्यय एकच आहे. आधीच्या शब्दाच्या शेवटी अ किंवा आ असला की त्यातल्या म चा व होतो, एवढंच. इंदु, भानु उकारान्त, म्हणून तिथे म टिकला. मात्र ‘ईरावती’ असं दीर्घ ई घालून लिहिणं चूक. पहिलं अक्षर ऱ्हस्वच.

‘ते तर ब्रह्मदेशातल्या नदीचं नाव’

हा गैरसमज अर्धा खरा असल्यामुळे जास्त चिवट आहे.

भारतातली इरावती म्हणजे रावी. ऋग्वेदात तिचं नाव परुष्णी. राजा सुदासानं दहा राजांशी केलेली लढाई हिच्याच काठी झाली. परुष्णी म्हणजेच इरावती, हे यास्कानं निरुक्तात नोंदवून ठेवलंय, म्हणजे त्याच्या काळी परुष्णी हे नाव जुनं पडलं होतं आणि समजावून द्यावं लागत होतं. ग्रीकांनी तिला हायड्राओटिस म्हटलं. पुढे बोलींत इरावतीचा आरंभीचा स्वर गळाला, शेवट आखडला आणि रावी उरली. हिमाचलातल्या बडा भंगालच्या डोंगरांत उगम, चंब्यावरून खाली, मग लाहोर. १९२९ च्या डिसेंबरअखेर लाहोर काँग्रेसमध्ये संपूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि मध्यरात्री तिरंगा फडकला तो याच नदीच्या काठावर.

ब्रह्मदेशातली नदी वेगळी. काचिन प्रांतात दोन प्रवाह मिळून ती होते आणि दोन हजारांहून अधिक किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. मंडाले आणि बागान तिच्याच काठची. बर्मी उच्चार साधारण ‘एयावडी’. इंग्रजांनी त्याचं इरावडी केलं. हे नाव संस्कृत-पाली ऐरावतीवरून, म्हणजे हत्तीच्या नावावरून आलं असं मानलं जातं. बौद्ध धर्माबरोबर आपल्याकडची कितीतरी नावं तिकडे गेली, त्यातलंच हे. तेव्हा हत्ती आला तो या नावातून, आणि आपल्या रावीशी त्याची गाठ इरावती या शब्दामुळे आपण मारली. श्रावस्तीजवळची अचिरावती, म्हणजे आजची राप्ती, ही आणखी तिसरीच. तिला यात ओढू नये.

मराठी घरात हे नाव पोचलं ते मात्र खरोखरच ब्रह्मदेशाच्या नदीवरून. गणेश हरी करमरकर नोकरीनिमित्त तिकडे होते. १५ डिसेंबर १९०५ रोजी त्यांना मुलगी झाली ती म्यिंजान या गावी, इरावडीच्या काठी. नदीचं नाव मुलीला मिळालं. तीच पुढे इरावती कर्वे.

त्याआधी उलट दिशेनंही एक प्रवास झालेला होता. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थीबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून आगबोटीत घालून याच नदीवरून खाली नेलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. म्हणजे करमरकरांच्या घरी इरावती रांगत होती तेव्हा त्या नदीचा राजा कोकणात समुद्राकडे बघत बसलेला होता. रत्नागिरीचा थीबा राजवाडा बघायला जाणाऱ्या किती जणांच्या मनात ही जोडी येते, कोण जाणे.

सात वर्षांची असताना इरावती पुण्याला हुजूरपागेत आली. पुढे फर्ग्युसन, मुंबईला घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र, मग बर्लिनला मानववंशशास्त्रात डॉक्टरेट. डेक्कन कॉलेजात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या काही बायकांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. आज मुलीचं नाव इरावती ठेवणारे बहुतेक मराठी आईबाप रावीचा विचार करत नसतात आणि इरावडीचाही नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर ‘युगान्त’ असतं, नाहीतर ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’, ‘गंगाजल’ यांतला एखादा लेख. नावाचा अर्थ शब्दकोशात जितका असतो तितकाच ते आधी कुणी वागवलं यातही असतो. या नावाच्या बाबतीत तर दुसरं पारडं सरळसरळ जड आहे. अलीकडे ‘अस्तु’ आणि ‘कासव’ हे चित्रपट पाहिलेल्यांना अभिनेत्री इरावती हर्षेही आठवतील.

‘पुराणातली थोर पतिव्रता’

हे कुठून निघालं कळत नाही. संस्कृत साहित्यात इरावती आहेत, पण त्यांतल्या कुणाचं व्रत नाही, देऊळ नाही. भागवतात परीक्षिताची बायको, उत्तराची मुलगी, जनमेजयाची आई इरावती आहे. महाभारतात जनमेजयाच्या आईचं नाव माद्रवती दिलंय, म्हणजे तिथेही मतभेद. एका वाक्यात येऊन जाणारी बाई आहे ती.

लक्षात राहते ती कालिदासाची. ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात अग्निमित्राच्या दोन राण्या आहेत: थोरली धारिणी, शांत आणि मानी, धाकटी इरावती. तिसऱ्या अंकात ती राजाबरोबर झोपाळ्यावर बसायच्या ओढीनं बागेत येते तीच मद्य घेऊन, पाय जरा लटपटत. आणि बघते तर राजा मालविकेच्या पुढेपुढे करतोय. राजा पायाशी लोळण घेतो, तरी ती ऐकत नाही. कंबरपट्टा काढून त्याच्यावर उगारते. इरा म्हणजे मद्य हा अर्थ कालिदासाच्या मनात असेलच असं मी म्हणणार नाही, पण शब्दांशी खेळायचा एवढा सराव असलेल्या कवीला तो ठाऊक नसेल हे पटत नाही. मालविका विदर्भाची राजकन्या आहे, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाचा कौल तिच्या बाजूनं पडायला हवा. मला मात्र त्या नाटकात सगळ्यात जिवंत वाटते ती इरावतीच. फसवणूक झाल्यावर चिडण्याचा हक्क ती बजावते, आणि नाटककार तिला हास्यास्पद करतानाही तिचं म्हणणं खोटं ठरवत नाही.

या नावाचं पुल्लिंगी रूपही महाभारतात आहे: इरावान, अर्जुन आणि नागकन्या उलूपी यांचा मुलगा. भीष्मपर्वात आठव्या दिवशी तो अलंबुष राक्षसाकडून मारला जातो. उत्तरेत त्याला कुणी विचारत नाही. तमिळनाडूत तो अरवान होऊन देव झाला आणि कूवागमच्या उत्सवात तृतीयपंथी त्याच्याशी एका रात्रीचं लग्न लावतात.

‘नदीचं नाव मुलीला ठेवू नये’

हा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांकडून येतो आणि त्याला आधार नाही असं म्हणता येत नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या नावाच्या मुलीशी लग्न करू नये याची जंत्री आहे. नक्षत्र, झाड, नदी, पर्वत, पक्षी, साप, सगळी नावं बाद. गंमत म्हणजे त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात मुलीचं नाव कसं असावं हेही आहे: उच्चारायला सोपं, कठोर नसलेलं, कानाला गोड, शेवट दीर्घ स्वराचा. लघु-गुरू-लघु-गुरू अशी चाल असलेली इरावती त्या परीक्षेत पहिल्या वर्गात उतरते आणि पुढच्या अध्यायात नापास होते.

व्यवहारात हा नियम महाराष्ट्रानं कधीच मनावर घेतला नाही. गोदावरी, कृष्णा, भागीरथी, यमुना, नर्मदा, कावेरी. आपल्या पणज्यांच्या पिढीत घरटी एक नदी होती. इरावतीबाईंच्या सासूबाईंचंच बघा. महर्षी कर्व्यांशी १८९३ मध्ये पुनर्विवाह होण्याआधी त्या गोदूबाई, म्हणजे गोदावरी होत्या. लग्नानंतर आनंदीबाई झाल्या आणि लोक त्यांना बाया म्हणू लागले. सुनेच्या वेळी मात्र आडनाव तेवढं करमरकरांचं कर्वे झालं आणि नदी जागेवर राहिली. सासूचं नाव बदलणारी आणि सुनेचं न बदलणारी, या दोन्ही पिढ्या एकाच घरातल्या आहेत.

‘इरा आणि इरावती एकच’

धाग्यानं जोडलेली आहेत, पण एक नाहीत. इरा म्हणजे पाणी किंवा वाणी. इरावती म्हणजे ते जिच्याजवळ आहे ती. योगातली इडा नाडी आणि मनूची मुलगी इला यांच्याशी इराचं जवळचं नातं सांगितलं जातं, पण म्हणून इडा लिहून इरा वाचता येत नाही.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याचा वेगळा त्रास. अमेरिकेत इरा हे जुन्या वळणाचं पुरुषाचं नाव आहे, मूळ हिब्रू. गीतकार इरा गर्श्विन आठवा. शिवाय तीच तीन इंग्रजी अक्षरं तिकडे निवृत्तीच्या बचत खात्याची. लॅटिनमध्ये इरा म्हणजे राग, आणि रशियात ते इरीनाचं लाडकं रूप. यातल्या कशाचाही संस्कृत इराशी संबंध नाही, तरी ‘तुमच्या मुलीच्या नावाचा अर्थ राग’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. इरावती म्हटलं की ही सगळी भानगड मिटते. लाडाचं रूप हवं तर इरू आहेच; कर्व्यांवरच्या २०२४ साली आलेल्या इंग्रजी चरित्राचं शीर्षकही तेच आहे.

राहिला कागदपत्रांचा भाग. प्रसूतिगृहातच नाव ठरवून द्यावं लागतं, असं समजून लोक घाईनं काहीतरी लिहून मोकळे होतात. जन्माची नोंद नावाशिवाय होते. नंतर बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. इंग्रजी अक्षरांत ‘व’ साठी डब्ल्यू घ्यायचा की व्ही, यावर घरात वाद होणार हे नक्की. कर्वेबाई डब्ल्यू लिहीत. दोन्ही चालतात; फक्त जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट यांवर एकच असू द्यावं.