ओठाशी थांबलेले तेल

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. ताडोब्याच्या मोहर्ली गेटमधून सकाळची फेरी करून आलेली जिप्सी अंगणात लावावी, इंजिनाखाली जुना पुठ्ठा सरकवावा आणि दुपारी ओढून पाहावा. त्यावर रुपयाएवढा डाग असेल तर आपण लगेच म्हणतो, "सील गेलं." पण सील बदलण्याआधी त्या रबरी चकतीत काय चालते ते बघायलाच हवे, कारण ते पाहून माणूस थक्क होतो.

जिप्सीत तेलाची पाच घरे आहेत: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि पुढचे-मागचे डिफरन्शियल. प्रत्येक घरातून फिरता दांडा बाहेर येतो. दांडा मोकळा फिरायला हवा, पण तेल आतच राहायला हवे. बैलगाडीच्या आसाच्या बाबतीत हा प्रश्न सुटलेलाच नव्हता. वंगण गळायचे, पुन्हा घालायचे. मोटारींसाठी तो सोडवला ऑइल सीलने: लोखंडी कडी, तिला रबराचा पातळ ओठ आणि ओठाला दांड्याशी धरून ठेवणारी बारीक गोल स्प्रिंग. या सीलच्या जन्मात जर्मनीतल्या फ्रॉयडेनबर्ग या चामडे कमावणाऱ्या कंपनीचा मोठा वाटा. १९२९ च्या मंदीत चामड्याचा धंदा बसला, तेव्हा ती चामड्याची सीले करू लागली. पुढे चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आले.

आपल्याला वाटते, हा ओठ बाटलीच्या बुचासारखा घट्ट दाबून बसतो. तसे असते तर मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेणाऱ्या दांड्यावर तो काही वेळातच जळून गेला असता. १९५७ साली ब्रिटिश संशोधक ई. टी. जॅगर यांनी दाखवून दिले की फिरत्या दांड्याच्या आणि ओठाच्या मध्ये तेलाचाच एक पापुद्रा असतो. केसापेक्षा कितीतरी पटींनी पातळ! तेलाला अडवणारा ओठ तेलावरच तरंगतो.

मग ते तेल बाहेर का येत नाही? ओठाची तेलाकडची उतरण उभी असते, हवेकडची निजती. त्याच्या कडेवरचे अतिसूक्ष्म उंचवटे फिरत्या दांड्याबरोबर ओढले जाऊन तिरपे होतात आणि इवल्या वल्ह्यांसारखे तेल परत आत लोटतात. म्हणजे सील हे बूच नाही, पंप आहे. म्हणूनच ते उलटे बसवले तर तेच वल्हे तेल बाहेर मारते. स्प्रिंगची बाजू नेहमी तेलाकडे, हा मिस्त्रींचा नियम याच पंपातून आला आहे.

आता गळतीकडे. पुष्कळदा दोष सीलचा नसतो, श्वासाचा असतो. डिफरन्शियलच्या घराला हवा जाण्यायेण्यासाठी ब्रीदर नावाची छोटी वाट असते. आपल्या जंगलातली धूळ आणि चिखल ती बुजवतात. घर ३० अंशांवरून ९० अंशांवर तापले की कोंडलेल्या हवेचा दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो आणि झिजलेल्या ओठाखालून तेल वाट काढते. पावसाळ्यात उलटे घडते. आलापल्ली-भामरागडच्या बाजूला तापलेली गाडी नाल्याच्या पाण्यात उतरली, की आतली हवा एकदम आकसते आणि सीलखालून पाणी आत ओढते. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले समजावे. नवे सील टाकून ब्रीदर तसाच ठेवला, तर दुखणे तसेच राहते. इंजिनालाही असाच ब्रीदर असतो. तोही आधी पाहावा.

घरी काम करताना आधी सगळा भाग धुऊन कोरडा करावा, गाडी थोडी चालवावी आणि ओल कुठून सुरू होते ते शोधावे. तेल खाली ओघळते, वारा ते मागे नेतो. म्हणून सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओल खरी. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइल समजावे. गाडीखाली शिरायचे तर पक्क्या घोड्यांवर टेकवूनच, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही. काढलेले तेल डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे. ते मातीत गेले तर पुढे नाल्यात आणि जनावरांच्या पाणवठ्यात उतरते.

जुने सील निघाले की उन्हात धरून पाहा. ओठाच्या कडेला चकचकीत पट्टी दिसेल. ती जितकी रुंद, तितका ओठ झिजलेला. मग दांड्यावरून नख फिरवा. नख अडकले, तर तिथे खाच आहे. विहिरीच्या काठावर दोरीने दगड घासावा, तशी मऊ रबरात रुतलेल्या धुळीने पोलादावर रेघ कोरली आहे. नवा ओठ त्या खाचेत बसू देऊ नका, जागा असेल तर किंचित बाजूला बसवा. कडेला तेलाचे बोट लावा, चहूकडून सारखे ठोका.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा निघेल. आत मात्र दांडा फिरताना तो पापुद्रा सारखा बाहेर यायला निघालेला असेल, आणि दर वेळी परत फिरलेला असेल.