चिडवले जाणारे मूल आणि समुपदेशन

एखाद्या मुलाची चाल, बोलण्याची ढब किंवा खेळाची आवड चारचौघा मुलांसारखी नसली, की वर्गात त्याला 'बायल्या' हे नाव पडते. आरंभी ती थट्टा असते; पुढे मधल्या सुट्टीत वाळीत टाकणे, मुतारीत अडवणे, धक्काबुक्की असा तिचा छळ होतो. मूल पोटदुखीची निमित्ते सांगू लागते आणि अखेर शाळाच सोडते. अशा मुलाला समुपदेशन हवे, असे आपण सहज म्हणतो. पण कोणाला काय सांगायचे, याचा विचार क्वचितच करतो.

मुलाला 'सुधारणे' हे समुपदेशन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली स्वीकारलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात लिंगभावाचे हे निराळेपण मानसिक विकारांतून वगळले आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात, आपले लिंग आपण ठरवण्याचा तृतीयपंथी व्यक्तीचा अधिकार मान्य केला. अर्थात, नाचाची आवड असलेला प्रत्येक मुलगा तृतीयपंथी असतो असे नव्हे. म्हणून जाणत्या समुपदेशकाने मुलावर शिक्का मारण्याची घाई करू नये. मूल स्वतःविषयी जे सांगेल ते ऐकावे.

आता संस्कृतीचा प्रश्न. कोणी म्हणतात, हे सारे परदेशी खूळ आहे. दुसरे अर्धनारीनटेश्वराचा दाखला देऊन मोकळे होतात. दोघांनाही आपला समाज पुरता दिसत नाही. दक्षिण महाराष्ट्रात यल्लम्माचा जोगता साडी नेसून जोगवा मागतो. लोक त्याच्या परडीला हात जोडतात. पण देवीच्या दारी मान देणारा हाच समाज अशा मुलाला वर्गातल्या बाकावर सुखाने बसू देत नाही. आपले मूल आपल्यापासून तुटेल आणि त्याला पोटासाठी हात पसरावा लागेल, हीच आईबापांची खरी धास्ती असते. ती ओळखून, त्यांच्याच बोलीत त्यांच्याशी बोलणे, हे संस्कृतीचे खरे भान होय. घरात आजी किंवा मामा मुलाच्या विश्वासाचा असेल, तर तेथून आरंभ करावा. मात्र मुलाला न विचारता घरी काही कळवू नये. नाही तर शाळेतल्या छळात घरच्या माराची भर पडते.

उरली शाळा. 2019 च्या कायद्याच्या 13 व्या कलमाने भेदभावाविना सर्वसमावेशक शिक्षण देण्याची जबाबदारी सरकारमान्य शिक्षणसंस्थांवर टाकली. 2021 साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शिक्षकांसाठी या विषयावर एक पुस्तिका काढली. पण आक्षेप येताच ती संकेतस्थळावरून हटवण्यात आली. तरीही मुलाला त्याच्या नावाने हाक मारणे, चिडवणाऱ्यांना त्याच क्षणी थांबवणे आणि मुतारीला निर्धास्त जाण्याची सोय करणे, यासाठी वर्गशिक्षकाला पुस्तिकेची वाट पाहावी लागत नाही.

सारांश, छळ सोसणाऱ्याला धीर द्यावा आणि छळणाऱ्यांना व पाहत राहणाऱ्यांना समज द्यावी. पाहत राहणाऱ्यांत आपण सारेच येतो.