स्क्रीनवर ‘५०४’ का येतं? समजून घ्या ‘टाइमआउट’

ॲपवर चक्र फिरत राहतं आणि ‘५०४ गेटवे टाइमआउट’ झळकतं. म्हणजे समोरच्या सर्व्हरने मागच्या सर्व्हरची वाट पाहणं सोडलं. एनजिनएक्स हा लोकप्रिय सर्व्हर मूळ सेटिंगनुसार ६० सेकंद काहीच उत्तर न आल्यास थांबतो.

सगळ्यांना एकच मर्यादा का नको?
लॉगिन दोन-तीन सेकंदांत व्हायला हवं. वर्षभराच्या स्टेटमेंटची पीडीएफ बनायला मिनिटभर लागू शकतं. सरसकट मोठी मर्यादा ठेवली, तर अडकलेल्या रिक्वेस्ट जागा अडवतात आणि इतरांचंही काम तुंबतं. म्हणून प्रत्येक एंडपॉइंटला, म्हणजे सेवेच्या पत्त्याला, वेगळी मर्यादा देतात.

पैसे भरताना काय कराल?
टाइमआउट म्हणजे व्यवहार फसलाच असं नाही. मागे तो पूर्ण झालेला असू शकतो. पुन्हा पैसे भरण्याआधी व्यवहाराचं स्टेटस तपासा.