पद्मिनी : संग्रहातली की रोजच्या वापरातली?

मराठवाड्यातील कित्येक व्यापारी घरांत, गोदामाच्या कडेला किंवा वाड्याच्या पडवीत, ताडपत्रीखाली झाकलेली एखादी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी अजूनही उभी असते. आजोबांनी ती पहिल्या भरभराटीच्या काळात घेतलेली असते. घरातील लेकींची पाठवणी तिच्यातूनच झालेली असते. त्यामुळे ती विकावी असे कोणास वाटत नाही, आणि चालवावी असे म्हणण्याचे धैर्यही कोणी करीत नाही. केज तालुक्यातील युसूफ वडगाव येथे आमच्या नात्यातील एका घरी १९७८ सालची अशीच एक पद्मिनी आहे. घरातील तरुण पुतण्याने गेल्या वर्षी विचारले, ‘‘काका, हिला नवे भाग बसवले तर बारा महिने रोज चालवता येईल ना?’’ प्रश्न साधा होता. परंतु त्याच्या उत्तरात कायदा, यंत्रशास्त्र, पैसा आणि घराण्याचा जिव्हाळा असे चारही विषय एकत्र आले. हाच प्रश्न इतर अनेक घरांतही असणार, म्हणून त्याचा विचार येथे मांडीत आहे.

या गाडीचा आपल्या समाजाशी असलेला संबंध पुष्कळांना ठाऊक नसतो. सोलापूरच्या दोशी या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा ध्यास घेतला. परकीय सत्तेच्या काळात मोटारीचा कारखाना काढणे सोपे नव्हते. तरीही १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. प्रारंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी सहकार्य होते, पुढे इटलीच्या फियाटशी झाले. १९६४ सुमारास आलेली फियाट अकराशे डिलाइट हीच पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन, सुकाणूच्या दांड्यालगतचा गिअर आणि मागच्या चाकांना मिळणारी गती, ही तिची ओळख. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले.

जुनी गाडी रोज चालू शकते का, याचा पुरावा मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने दिला आहे. पावसाळा, गर्दी, उष्मा या साऱ्यांत ती दशकानुदशके राबली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ही गाडी टॅक्सी म्हणून इतिहासजमा झाली. तिला रस्त्यावरून हटवले ते नियमाने; यंत्र थकले म्हणून नव्हे. मात्र त्या दीर्घायुष्यामागे कोपऱ्याकोपऱ्यावरचे जाणकार मिस्त्री आणि सहज मिळणारे सुटे भाग होते, हे विसरता कामा नये.

आता कायद्याची बाजू पाहू. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक वय झालेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खासगी मोटार या वर्गात नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत दहा वर्षे आहे. परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच तिला मुभा आहे. म्हणजे येथे वाट दुभंगते. आमच्या नात्यातील पद्मिनीला २०२८ मध्ये ५० वर्षे पूर्ण होतील. आज तिचे इंजिन बदलले, तर तीन पिढ्यांनी जपलेल्या गाडीचा ‘व्हिंटेज’ होण्याचा मार्ग बंद होण्याचा धोका आहे.

रोजची गाडी म्हणून ठेवायची तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाचले पाहिजे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ स्पष्ट केला. अनधिकृत फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद कलम १८२-अ मध्ये आहे. त्याशिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडीची तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो.

आमचा पुतण्या प्रथम निस्सानचे इंजिन बसवण्याच्या विचारात होता. प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीतील हे इंजिन पद्मिनीत घालण्याची हौस अनेकांनी केली आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे नेमके उलट होते : एक खिळासुद्धा हलवायचा नाही. मला दोन्ही टोके अमान्य होती. पुतण्याला मी एवढेच म्हणालो, ‘‘गाडी वेगाने धावायला लावण्याआधी ती थांबते कशी, ते पाहू.’’ कारण या गाडीतून रोज त्याला केजच्या बाजारात जायचे होते, तर त्याच्या आजीला वरचेवर अंबाजोगाईच्या रुग्णालयात न्यायचे होते.

म्हणून बदलांचा क्रम सुरक्षिततेपासून लावला. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पुढे डिस्क बसवणे आकर्षक वाटते. पण ड्रममधील लायनर चाकाच्या फिरण्यामुळे आपोआप अधिक घट्ट दाबला जातो, डिस्कमध्ये तसे होत नाही. त्यामुळे पायाचा जोर वाढतो आणि बूस्टर लागतो. शिवाय पुढच्या व मागच्या चाकांतील ब्रेकचा समतोल बिघडला, तर ओल्या रस्त्यावर गाडी फिरते. एकटी डिस्क बसवणे म्हणूनच घातक. बदलायचे तर संपूर्ण संच जाणकाराकडून बदलावा. ते शक्य नसेल, तर मूळ ड्रम समतल करून, नवे लायनर, नवे रबर, नव्या नळ्या आणि दुहेरी मास्टर सिलिंडर बसवावा, म्हणजे एक वाहिनी फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. त्यापाठोपाठ चांगले रेडियल टायर आणि पक्क्या लोखंडी आधारावर बसवलेले तीनबिंदू पट्टे हवेत. पत्रा गंजलेला असेल, तर त्यावर बसवलेला पट्टा निरुपयोगी ठरतो. म्हणून तळाचा पत्रा आधी तपासावा.

दुसरा शत्रू आपला उन्हाळा. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा जुना रेडिएटर आणि इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा अपुरे पडतात. रेडिएटर उघडून स्वच्छ करणे आणि तापमानावर चालू होणारा विजेचा पंखा जोडणे, हे दोन उपाय पुरेसे ठरतात. पंखा आला की विजेची मागणी वाढते. जुना डायनॅमो इंजिन संथ चालू असताना फार थोडी वीज देतो. अल्टरनेटर त्याच वेळी पुरेशी देतो. तारा मात्र जाड, फ्यूज स्वतंत्र आणि दिव्यांसाठी रिले लावावेत. अन्यथा जुन्या वायरिंगला आग लागण्याची भीती असते.

तिसरी बाब इंधनाची. मांजरा खोऱ्यातील ऊस आज साखरेबरोबर इथेनॉलही देतो, आणि पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. शेतकऱ्याला त्याचा लाभ असला, तरी १९७८ सालचे रबर त्यासाठी घडवलेले नव्हते. पंपाचा पडदा, नळ्या आणि कार्बोरेटरची सील इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची घ्यावीत. इथेनॉल ओलावा शोषते, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर जुने पेट्रोल टाकीत ठेवू नये. विजेचा पंप बसवला, तर अपघात होताच तो बंद पाडणारा स्विच अवश्य लावावा.

आता हिशेब. आयकराच्या आजच्या १५ टक्के घसाऱ्याने एक लाखाच्या मोटारीचे पुस्तकी मूल्य चाळीस वर्षांनी सुमारे दीडशे रुपये उरते. दुसऱ्या बाजूला दुरुस्तीचा खर्च त्याच्या कित्येक पट होतो. निव्वळ व्यापारी दृष्टीने हा व्यवहार तोट्याचाच आहे, आणि तो तसा मान्य करूनच हाती घ्यावा. विमा उतरवताना मात्र गाडीची किंमत कंपनीशी आधी लेखी ठरवून घ्यावी आणि केलेले बदल कळवावेत. लपवलेला बदल दाव्याच्या वेळी मालकाच्याच अंगाशी येतो.

शेवटी घरात जे ठरले ते असे : मूळ इंजिनच नव्याने बांधायचे, रंग व बॉडी तशीच ठेवायची, ब्रेक, पट्टे, टायर, वीज आणि पंखा एवढेच सुधारायचे. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवायचा आणि बिले एका फाइलीत लावायची. महामार्गावर, रात्री किंवा लहान मुलांना घेऊन लांबच्या प्रवासाला ही गाडी न्यायची नाही, हेही ठरले. कारण पट्टे बसले तरी तिच्यात एअरबॅग नाही, आणि धडकेची ताकद शोषून घेणारी आजची रचनाही नाही.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी आरसी बुक उघडून पहिल्या नोंदणीची तारीख पाहावी. पन्नाशी जवळ आली असेल तर इंजिनाला हात लावू नये. पन्नाशी दूर असेल आणि गाडी रोज लागणार असेल, तर थांबण्याच्या साधनांवर पहिला रुपया खर्च करावा, शोभेच्या वस्तूंवर शेवटचा.