द्यूतगृह का हरत नाही?

१८ ऑगस्ट १९१३ ची रात्र. मोनॅको या चिमुकल्या देशातील मोंटे कार्लोच्या कॅसिनोत, म्हणजे द्यूतगृहात, रुलेटच्या एका मेजाभोवती झुंबड उडाली होती. गोटी सारखी काळ्या खणातच पडत होती. दहा वेळा काळा, पंधरा वेळा काळा! ‘आता तांबडा यायलाच हवा’ असे म्हणत लोक तांबड्यावर वाढते पैसे लावू लागले. काळा ओळीने २६ वेळा आला आणि पुष्कळांचे खिसे रिकामे झाले.

यात शकुनीसारखी काही लबाडी असेल, असे तुम्हांला वाटेल. पण कॅसिनोला लबाडीची गरजच नसते. कशी ते पाहू.

रुलेटच्या चाकाला कडेने ३७ सारखे खण असतात. १ ते ३६ या आकड्यांपैकी १८ तांबडे, १८ काळे; उरलेला खण शून्याचा, हिरवा. चाक एका दिशेने फिरवतात आणि गोटी उलट दिशेने सोडतात. घर्षणाने तिचा वेग मंदावला, की ती उतारावर घसरते, धातूच्या उंचवट्यांवर आपटून उड्या मारते आणि एका खणात विसावते. सुरुवातीच्या वेगात केसाइतका फरक पडला तरी खण बदलतो.

एखाद्या आकड्यावर १ फ्रँक लावला आणि तोच आला, तर ३५ फ्रँक बक्षीस आणि आपला १ परत, असे ३६ मिळतात. आता समजा, तुम्ही ३७ही आकड्यांवर एकेक फ्रँक लावला. दिले ३७, मिळाले ३६. गोटी कोठेही पडो, १ फ्रँक कॅसिनोचा! शंभरामागे ही कपात सुमारे २.७ होते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी चाकावर दोन शून्ये असतात. बक्षीस मात्र तेच, म्हणून तेथे कपात ५.२६ पडते.

फ्रान्स्वा ब्लां आणि त्याचा भाऊ यांनी १८४३ साली जर्मनीतील हॉम्बुर्ग येथे एकाच शून्याचे चाक आणले. कपात कमी, म्हणून गर्दी जास्त! १८६३ साली याच ब्लांने मोनॅकोतील कॅसिनो चालवायला घेतला. त्यातून इतके उत्पन्न येऊ लागले, की १८६९ मध्ये तेथील राजाने प्रजेचे कर माफ केले. गंमत म्हणजे मोनॅकोच्या नागरिकांना तेथे खेळायला मनाई आहे.

एखाद्या रात्री कॅसिनोही हरतो. पण डाव हजारोंनी झाले, की सरासरी आपल्या ठरलेल्या जागी येते. याकोब बर्नुली याने हे गणिताने सिद्ध केले आणि त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली, म्हणजे त्या रात्रीच्या बरोबर दोनशे वर्षे आधी, छापला गेला.

मग सरासरी गाठण्यासाठी तांबडा जास्त वेळा यायला नको का? नेमकी येथेच लोकांची गफलत झाली. ठरावीक २६ डावांत २६ काळे येण्याचा संभव सुमारे १३ कोटी ७० लाखांत एक, हे खरे. पण २५ काळे येऊन गेल्यावर सव्विसाव्याचा संभव किती? पहिल्या डावाला होता तेवढाच, १८/३७! चाकाला मागचे काही आठवत नाही. ती सव्वीसची रांग कोणी भरून काढत नाही; ती पुढच्या डावांत विरून जाते. पुढील १०,००० डावांत काळा अगदी अपेक्षेइतका, ४,८६५ वेळा आला, तर एकूण प्रमाण ४८.६५ ऐवजी ४८.७८ टक्के होईल. जादा काळे तसेच राहिले, तरी फरक नगण्य झाला.

चाकाला स्मरण नसले तरी खोड मात्र असू शकते. एकोणिसाव्या शतकात यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांतील यंत्रांचा जाणकार जोसेफ जॅगर याने मोंटे कार्लोत चाकांवर येणारे आकडे टिपून घेतले. एका चाकावर काही आकडे वाजवीपेक्षा जास्त वेळा येत होते. त्यांवरच पैसे लावून त्याने मोठी रक्कम जिंकली. चाकांची काळजीपूर्वक तपासणी कॅसिनोवाले का करतात, ते यावरून कळेल.

वर्गात एक प्रयोग करा. निम्म्या मुलांनी नाणे १०० वेळा उडवून छापा-काटा क्रमाने लिहावा. बाकीच्यांनी नाणे न उडवता मनानेच तशी यादी लिहावी. गुरुजींनी कागद मिसळून ओळखावे. खऱ्या यादीत एकच बाजू ओळीने पाच किंवा अधिक वेळा आलेली बहुधा सापडेलच; मनाने लिहिणाऱ्याला तेवढा धीर सहसा होत नाही.